शेळी लंगडू लागली म्हणजे

हैदराबादेत मुसी नदीच्या काठी जियागुडा येथे शेळ्यामेंढ्यांचा मोठा बाजार आहे. तेथे गिऱ्हाईक जनावराचे दात पाहते, पाठीवरून हात फिरवते आणि मग त्यास चार पावले चालवावयास सांगते. त्या चार पावलांत पाय आखडला की भाव कोसळलाच म्हणून समजावे. बकरी ईदेच्या दिवसांत तर उघड लंगडणारा बोकड कुर्बानीस चालतच नाही. वर्षभर घरच्या लेकराप्रमाणे पोसलेले जनावर एका पायापायी मातीमोल होते, आणि त्या पैशांवर बेतलेली मुलांची फी किंवा घराची शाकारणी मागे पडते.

या शहराचा आणि आपल्या मराठवाड्याच्या शेळीचा संबंध जुना आहे. काळ्या रंगाची, बहुधा जुळी देणारी उस्मानाबादी शेळी आपणां सर्वांस ठाऊक आहे. तिच्या जिल्ह्यास ते नाव शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून मिळाले, आणि १९५६ पर्यंत तो जिल्हा हैदराबाद राज्यातच होता. २०२३ साली जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. शेळी मात्र अद्याप उस्मानाबादीच म्हणवते.

शेळी लंगडताना दिसली की आपल्या घरांतून एक वाक्य हमखास निघते : “पाहू दोन दिवस.” आमच्या मते या वाक्याने जितक्या शेळ्या अधू केल्या, तितक्या दगडधोंड्यांनी केल्या नसतील. त्याच दिवशी पाय हातात घेऊन पाहावा. कोणता पाय दुखतो हे कळत नसेल तर तिला सपाट जागी सावकाश चालवावे. पुढचा दुखरा पाय टेकताच ती मान वर उचलते, आणि चांगला पाय टेकताना मान खाली येते. मग खुरापासून वर चढत जावे. कारण बहुतेक दुखणी खुरातच असतात. बाभळीचा काटा, दोन नख्यांमध्ये रुतलेला खडा, किंवा नुसती वाढलेली नखी. हैदराबादेच्या बाजूच्या खडकाळ माळावर हिंडणाऱ्या शेळीची नखी आपोआप झिजते. दावणीला बांधून पोसलेल्या शेळीची झिजत नाही, ती वाढून आत वळते आणि तिच्याखाली शेण व चिखल साचतो. तेव्हा दीडदोन महिन्यांनी नखी तासावी. आत गुलाबी छटा दिसू लागली की हात थांबवावा.

पावसाळ्यात काळ्या रानाच्या चिखलाने नख्यांमधली कातडी भिजून सोलते, तेथे जंतू शिरतात आणि खूर सडू लागतो. त्याची दुर्गंधी एकदा आली की विसरत नाही. अशी शेळी वेगळी बांधावी, खूर धुऊन सुटलेली नखी कापावी, दहा लिटर पाण्यात एक किलो झिंक सल्फेट विरघळवून त्यात दहा मिनिटे पाय बुडवावेत आणि मग कोरड्या जागी उभे करावे. कोरडी जागा नसेल तर औषध वाया गेले.

दोनतीन शेळ्या एकदम लंगडू लागल्या तर मात्र तोंडही उघडून पाहावे. लाळ-खुरकूत शेळीत पुष्कळदा तोंडापेक्षा पायातच अधिक दिसते. हिच्यावर लस आहे. हैदराबादचा इंडियन इम्युनॉलॉजिकल्स हा कारखानाही ती बनवतो. नुकत्या जन्मलेल्या करडांचे गुडघे सुजून गरम झाले तर दोष बहुधा नाळेचा असतो. जन्मताच नाळेस टिंक्चर आयोडीन लावणाऱ्या घरी हे दुखणे क्वचितच शिरते.

आता मोडलेल्या हाडाविषयी. बाजारास नेताना ट्रकच्या फळ्यांत पाय अडकून हे पुष्कळदा घडते. आमच्या घरी एका पाटीचा पाय असाच मोडला. आम्ही बांबूच्या कामट्या लावून सुतळीने करकचून आवळल्या आणि मोठे काम केल्यासारखे निश्चिंत झालो. चौथ्या दिवशी खूर गार लागला. पाय हातचा गेला होता. चूक आमची होती. आधी कापसाची जाड घडी हवी. मोडलेल्या जागेच्या वरचा व खालचा असे दोन्ही सांधे कामट्यांत जखडलेले हवेत. आणि खुराचे टोक उघडे ठेवून रोज सकाळसंध्याकाळ हात लावून पाहावे, गार किंवा सुजलेले वाटले तर बंध तत्काळ सोडावा. गुडघ्याखालचे हाड अशा रीतीने चार ते सहा आठवड्यांत जुळते, करडाचे त्याहून लवकर. मांडीचे हाड किंवा कातडीतून बाहेर आलेले हाड हे आपले काम नव्हे. तेथे डॉक्टरच हवेत, आणि उघड्या जखमेस धनुर्वाताची लसही. १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय गाडीस फोन करता येतो.

घरातली माणसांची वेदनाशामक गोळी शेळीस देऊ नये. डायक्लोफेनॅक तर जनावरांसाठी २००६ साली बंदच झाले, कारण ते दिलेल्या जनावरांचे मढे खाऊन गिधाडे मेली. डॉक्टर देतील ते औषध पुरते द्यावे. औषध दिल्यावर किती दिवस दूध घरात घेऊ नये व जनावर खाटकास विकू नये, हे त्यांस तेथेच विचारावे, आणि ती तारीख कोळशाने गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवावी.