गाडीची रोजची निगा

दसऱ्याला आपण गाडी धुतो. तिला झेंडूचा हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. चांगलेच आहे. ज्या वस्तूवर पोट चालते तिला नमस्कार करावा. पण बैलाला नुसते पोळ्याला सजवून भागते का? त्याला रोज वैरण लागते, पाणी लागते, त्याचे खूर पाहावे लागतात. गाडीचेही तसेच आहे.

आता गावोगाव जीप आल्या, पिकअप आल्या, टेम्पो आले. कोणी भाजी बाजाराला नेतो, कोणी माणसांची ने-आण करतो. बऱ्याच गाड्या कर्जावर घेतलेल्या असतात. गाडी आठ दिवस गॅरेजात पडली तरी हप्ता काही थांबत नाही. आणि उतारावर ब्रेक लागला नाही तर काय होते, ते सांगायला नको. गाडीत आपल्याबरोबर दुसऱ्याचीही लेकरे बसलेली असतात. आम्ही येथे मेस्त्रीचे काम शिकवणार नाही. चालवणाऱ्याने स्वतः काय पाहावे एवढेच सांगणार आहोत. त्याला सकाळचा पाव तास पुरतो.

गाडी सुरू करण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारा. वाकून खाली बघा. मागच्या चाकाशी एखादे मूल खेळत असते, कोंबडी बसलेली असते. आरशात ती दिसत नाहीत. मग जमीन बघा. काळा चिकट डाग असेल तर इंजिनाचे ऑइल गळते आहे. हिरवे किंवा लाल पाणी असेल तर रेडिएटरचे कूलंट गळते आहे. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ तेलकट ओल दिसली तर ते ब्रेक ऑइल असू शकते. मग गाडी हलवू नका. मेस्त्रीला घरी बोलवा. गाडीत थंड हवेचे यंत्र असेल तर त्याचे साधे पाणी ठिबकते. त्याची काळजी नको.

आता बोनेट उघडा. इंजिन थंड आहे, गाडी सपाट जागी आहे, हे आधी पाहा. ऑइल मोजायची पट्टी ओढून काढा. फडक्याने पुसा. पुन्हा पूर्ण आत घाला आणि परत काढा. पट्टीवर दोन खुणा असतात. ऑइल त्या दोघींच्या मध्ये हवे. खालच्या खुणेच्याही खाली गेले असेल तर इंजिन आतल्या आत घासते. वरच्या खुणेपेक्षा जास्त ओतणेही वाईट. गाडी चालू असताना समोर तेलाच्या झारीचे लाल चित्र पेटले, तर पुढच्या गावापर्यंत जाऊ म्हणू नका. तिथेच कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. ऑइलविना चार-दोन मिनिटे चालवलेल्या इंजिनाला पुढे हजारो रुपये लागतात. काढलेले जुने ऑइल विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नये, हेही जाता जाता सांगतो.

रेडिएटरच्या झाकणाची गोष्ट मात्र नीट ऐका. घरात कुकर असतो. वाफ कोंडलेली असताना त्याचे झाकण कोणी उघडत नाही. रेडिएटर हाही एक कुकरच आहे. साधे पाणी १०० अंशांच्या सुमारास उकळते. रेडिएटरमध्ये दाब असतो, म्हणून तेथले पाणी त्याहून जास्त तापूनही उकळत नाही. झाकण फिरवले की दाब सुटतो, आणि ते सगळे पाणी एकदम उसळून तोंडावर येते. हात भाजतात, डोळे जातात. गाडी तापली, काटा वर गेला, की गाडी थांबवा. इंजिन बंद करा. निदान अर्धा तास थांबा. हात लावून गार लागल्याशिवाय झाकणाला हात नको. तापलेल्या इंजिनावर गार पाण्याची बादली ओतणारेही आम्ही पाहिले आहेत. त्याने लोखंडाला तडा जातो. बाकी दिवशी, सकाळी इंजिन गार असताना, कूलंटच्या डब्यावरच्या दोन खुणा पाहिल्या की काम झाले. तेथे विहिरीचे जड पाणी रोज घालत राहिले तर आत क्षार धरतो. आपल्या चहाच्या भांड्याला धरतो तसाच.

बोनेट उघडलेच आहे तर उंदरांच्या लेंड्या आहेत का तेही बघा. सुगीच्या दिवसांत उंदीर वायरी कुरतडतात. बॅटरीजवळ विडी पेटवू नका. बॅटरीतून निघणारा वायू भडकणारा असतो. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी जमली तर आधी उणे खुणेची वायर सोडावी, मग अधिक खुणेची. खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने टोके पुसावी. जोडताना उलट, अधिक आधी.

टायरची हवा पाय मारून कळत नाही. पुष्कळ लोक तसे करतात, पण तो खेळ झाला. हवा मापानेच तपासावी, आणि टायर थंड असताना तपासावी. किती पौंड हवी तो आकडा बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. आता तुम्हांला वाचता येते, तेव्हा दुसऱ्याला विचारायला नको. रिकाम्या गाडीचा आकडा वेगळा आणि भरलेल्या गाडीचा वेगळा असतो. हवा कमी असली की टायर चालताना सारखा दबतो आणि फुगतो. त्याने तो तापतो, आणि उन्हाळ्यात भर रस्त्यात फुटतो. टायरची नक्षी झिजून खोली १.६ मिलिमीटर उरली की मोटारीचा टायर कायद्यानेही बाद होतो. मोजायला पट्टी नको. नक्षीच्या खाचांत रबराचे लहान आडवे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. पावसाळ्यात गुळगुळीत टायर पाण्यावरून घसरतो, मग ब्रेक कितीही चांगला असो. टायरच्या कडेवर चार आकड्यांची एक तारीखही असते. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झाला. जुना टायर नवा म्हणून कोणी गळ्यात मारू लागला तर हे आकडे वाचून दाखवा. स्टेपनीतही हवा आहे ना, ते पाहायला विसरू नका.

आता ब्रेक. गाडी दारातून निघाली की दहा पावलांवर एकदा ब्रेक दाबून पाहावा. पॅडल घट्ट लागले पाहिजे. ओल्या स्पंजासारखे खाली गेले, गाडी एका बाजूला ओढली, किंवा लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला, तर त्या दिवशी भाडे घेऊ नये. ब्रेक ऑइलचा लहान डबा बोनेटखाली असतो. त्याची पातळी उतरली तर लायनर झिजले आहेत किंवा कुठे गळती आहे. नुसते ऑइल ओतून ते लपवू नका. आणि त्यात इंजिनाचे ऑइल कधीही घालायचे नाही. त्याने आतले रबर फुगते आणि ब्रेक निकामी होतो.

ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते. मीठ पावसाळ्यात ओलसर होते, तसे. बाजारात डॉट ३ नावाचे जे ऑइल मिळते, ते नवे असताना निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पाणी मुरले की १४० अंशांच्या आसपासही उकळू शकते. कुंभार्ली किंवा आंबेनळीसारखा घाट उतरताना सारखा ब्रेक दाबला तर चाकाजवळ फार उष्णता होते. जुने ऑइल तेथे उकळते, त्याची वाफ होते, आणि पॅडल थेट तळाला जाते. म्हणून हे ऑइल साधारण दर दोन वर्षांनी बदलायचे असते.

घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून, काही जण तर इंजिन बंद करून, उतारावर सोडतात. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी मदत संपते. पॅडल दगडासारखे होते, स्टिअरिंगही जड होते. आणि वाचते तरी काय? नव्या गाड्यांत गिअर असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की डिझेल जवळजवळ बंदच होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन फिरत ठेवायला ते लागतेच. जळका वास आला तर रुंद जागा पाहून थांबा आणि चाके आपोआप गार होऊ द्या. चाकाला दगड लावला असेल तर निघताना तो उचलून बाजूला टाका. रस्त्यात सोडलेल्या दगडावर रात्री मोटारसायकलवाला पडतो. एवढे करूनही ब्रेक गेलाच, तर पॅडल भराभर दाबा आणि सोडा, गिअर एकेक करून खाली आणा, हातब्रेक हळूहळू ओढा. ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढली की ब्रेक ओले होतात. पलीकडे गेल्यावर हळू चालत दोन-चार वेळा हलके दाबून ते वाळवून घ्या.

गाडीत एक चाळीस पानी वही ठेवा. दर कामाला एक ओळ लिहा. तारीख, गाडीचे किलोमीटर, काय बदलले, किती पैसे दिले. इंजिन ऑइल पुन्हा किती किलोमीटरला बदलायचे तो आकडा गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात असतो. तो वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात उतरवून घ्या. खाली ब्रेक ऑइलची तारीख लिहा, आणि विम्याची मुदत संपण्याचा दिवस लिहा. गाडी दुसऱ्या कोणाच्या हाती दिली तर किल्लीबरोबर वहीही द्या.