तालिकेतले शब्द कुणाचे?

ग्रंथालय कसं वापरावं, हे विद्यार्थ्यांना शिकवताना पुस्तक कसं शोधायचं, वर्गांक कसा वाचायचा, संदर्भ कसा द्यायचा एवढं बहुधा सांगितलं जातं. ते हवंच. पण तालिकेतले शब्द कुणी ठरवले, हा प्रश्न त्या तासाला सहसा निघत नाही, आणि माझ्या मते तिथेच हे शिक्षण अपुरं राहतं. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात २०१४ साली तो प्रश्न विद्यार्थ्यांनीच काढला. स्थलांतरितांविषयीची पुस्तकं शोधताना त्यांना 'इल्लीगल एलियन्स', म्हणजे 'बेकायदा परके', हे विषयशीर्षक वारंवार दिसू लागलं. त्यांच्यातले काही स्वतःच कागदपत्रांविना त्या देशात वाढलेले. पुस्तकाच्या शोधात त्यांना आपल्यावर मारलेला शिक्का सापडला. शीर्षक अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाच्या, म्हणजे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या, विषययादीतलं होतं, आणि ती यादी अनेक देशांतली ग्रंथालयं वापरतात. ते बदलावं म्हणून विद्यार्थी आणि ग्रंथपालांनी मिळून लायब्ररीकडे रीतसर अर्ज केला. तो आधी फेटाळला गेला. मार्च २०१६मध्ये लायब्ररीने बदल जाहीर केला, तेव्हा प्रतिनिधीगृहातले रिपब्लिकन सदस्य आडवे आले. अखेर नोव्हेंबर २०२१मध्ये 'नॉनसिटिझन्स' आणि 'इल्लीगल इमिग्रेशन' ही शीर्षकं आली. 'बेकायदा' हा शब्द माणसावरून काढून कृतीला लावायला सात वर्षं लागली.

हा शब्द कायद्यातलाच आहे, मग ग्रंथपालाने राजकारणात का पडावं, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. पण कायद्याचा शब्द उचलणं हीसुद्धा निवडच. गप्प राहिल्याने जुनी निवड तेवढी टिकते. हॉवर्ड विद्यापीठाच्या ग्रंथपाल डोरोथी पोर्टर यांनी हे फार आधी ओळखलं होतं. ग्रंथांना विषयवार आकडे देणाऱ्या ड्युई दशांश पद्धतीत कृष्णवर्णीयांची पुस्तकं, अगदी कवितासुद्धा, ३२५ म्हणजे वसाहती किंवा ३२६ म्हणजे गुलामगिरी या वर्गांत टाकली जात. पोर्टर यांनी ती विषयाप्रमाणे, कविता कवितेत आणि इतिहास इतिहासात, लावली.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो: प्रत्येक मांडणीमागे सत्ता असते असं शिकवलं, तर मुलं पुराव्यावरही विश्वास ठेवणार नाहीत. अर्धवट शिकवलं तर हा धोका खराच आहे. मात्र डार्टमथच्या विद्यार्थ्यांनी तालिका फेकून दिली नाही. तिचे नियम समजून घेतले, त्याच नियमांनी दाद मागितली, नकार आल्यावरही प्रश्न सोडला नाही. चिकित्सक माहिती-साक्षरता म्हणतात ती हीच: शोधायचं कसं हे शिकताना, शोधाची चौकट कुणी आखली हेही तपासणं.

आपल्याकडेही अनेक ग्रंथालयं ड्युई पद्धतीवर चालतात. तिच्या प्रचलित मांडणीत धर्माच्या २०० या वर्गातले २२० ते २८९ हे आकडे बायबल आणि ख्रिस्ती धर्माला आहेत. बाकी सारे धर्म २९०च्या घरात. बौद्ध धर्म २९४.३, हिंदू धर्म २९४.५. ग्रंथपालांना विनंती आहे, की विद्यार्थ्यांची पुढची तुकडी आली की तिला आधी धर्माच्या या कपाटापाशी न्यावं आणि हे आकडे असे का आहेत, हे विचारावं.