दरडींवर उपग्रहांची नजर

पनवेलच्या पूर्वेला प्रबळगड, इर्शाळगड आणि माथेरानचे डोंगर उभे आहेत. यांपैकी इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडीवर (ता. खालापूर) १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले. बेपत्ता ५७ जणांचा शोध २३ जुलैला थांबविण्यात आला. या वाडीचे नाव शासनाच्या दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हते. आकाशातून सतत पाहणी होत असताना असे का व्हावे, हे समजण्यासाठी उपग्रहाला नेमके काय दिसते, हे पाहावे लागते.

हिरवे पान सूर्यप्रकाशातील लाल किरण शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परत पाठवते. उपग्रह या दोहोंची तुलना करतो. दरडीबरोबर झाडोरा वाहून गेला, की उघड्या पडलेल्या मातीखडकाचा पट्टा आधीच्या चित्राशी ताडून पाहताच वेगळा उमटतो. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नकाशासंग्रहात १९९८ ते २०२२ या काळातील सुमारे ८० हजार दरडींची नोंद आहे.

वनांची मोजणीही याच तत्त्वावर होते. मात्र डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या व्याख्येनुसार किमान एक हेक्टर जमिनीवर दहा टक्के वृक्षछत्र असले, की ते 'वनाच्छादन' ठरते. मग ते कर्नाळ्याचे जंगल असो वा आमराई. त्यामुळे वनाच्छादन वाढल्याचे आकडे ऐकून उतार सुरक्षित झाले, असे मानणे धाडसाचे होईल.

दुसरी अडचण ढगांची. सह्याद्रीत दरडी कोसळतात त्या पावसाळ्यात, आणि तेव्हाच साधा कॅमेरा आंधळा होतो. रडार उपग्रह स्वतःच सूक्ष्मलहरी सोडतो. त्या ढगांना आणि अंधाराला जुमानत नाहीत. इस्रो आणि नासा यांचा 'निसार' हा असा उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडण्यात आला. (माळीण गाव गाडले गेले तीही ३० जुलैच, २०१४ ची. गाव जागेवर नसल्याचे प्रथम ध्यानात आले, ते एसटीच्या चालकाच्या!) निसारच्या सुमारे २४ सेंटिमीटर लांबीच्या लहरी झाडीतून खाली पोहोचतात. दोन फेऱ्यांतील नोंदी ताडून जमीन काही मिलिमीटरने सरकली, तरी ते कळू शकते.

परंतु एकाच जागेवर तो त्याच मार्गाने परततो बारा दिवसांनी. सह्याद्रीच्या कातळावरील झिजलेला मुरुम आणि माती मुसळधार पावसात पाण्याने भरते, आतला दाब वाढतो आणि काही तासांतच उतार निसटतो. अशा दरडीचा दिवस उपग्रह सांगू शकत नाही. तो धोक्याची ठिकाणे दाखवू शकतो. पण तेथेही नकाशाचे प्रमाण आडवे येते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे देशव्यापी दरडप्रवणता नकाशे ५० हजारास एक या प्रमाणात आहेत. त्यांवर एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर, आणि डोंगरातली एखादी वाडी जेमतेम मोहरीएवढी. उतारावर पडलेली भेग किंवा अचानक गढूळ झालेला झरा त्यात दिसत नाही. तो वाडीतल्या माणसाला दिसतो. म्हणून पावसाळ्यापूर्वी भूवैज्ञानिकाने प्रत्यक्ष उतारावर जाणे आणि डोंगरावरच पर्जन्यमापक बसविणे, याला पर्याय नाही. इर्शाळवाडीला रस्ता नव्हता. मदतपथकांना त्या रात्री पायीच चढावे लागले.