विश्लेषण : आतड्याचे रक्षकच आतड्यावर का उलटतात? ‘आयबीडी’त प्रतिकारपेशींचे काय बिघडते?

जपानचे तत्कालीन पंतप्रधान शिंझो आबे यांनी २८ ऑगस्ट २०२० रोजी पद सोडत असल्याची घोषणा केली, तेव्हा कारण दिले ते पोटाच्या आजाराचे. किशोरवयापासून त्यांना अल्सरेटिव्ह कोलायटिस होता आणि त्याने पुन्हा उचल खाल्ली होती. २००७ मध्ये त्यांनी पहिल्यांदा पद सोडले, त्यामागेही हा आजार होताच. मधल्या काळात मात्र त्यांनी सलग साडेसात वर्षांहून अधिक काळ देश चालवला. या आजाराची रीतच अशी. काही वर्षे शांतता आणि मग अचानक दिवसातून दहा-दहा वेळा शौचालयाची धाव.

आपल्याकडे अशा रुग्णाला नातेवाइकांकडून पहिला सल्ला मिळतो तो ‘इम्युनिटी वाढव’ असा. अडचण ही की, येथे प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसतेच. ती थांबायचे विसरलेली असते.

आयबीडी म्हणजे नेमके काय?

इन्फ्लेमेटरी बॉवेल डिसीज, म्हणजे आतड्याला दीर्घकाळ येणारा दाह. त्याचे दोन मुख्य प्रकार. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्यापुरता राहतो, गुदाशयापासून सुरू होऊन वर सरकतो आणि आतल्या अस्तरावर व्रण करतो. क्रोन्स डिसीज तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, मधूनमधून ठिगळांसारखा दिसतो आणि आतड्याच्या भिंतीत खोलवर जातो. न्यूयॉर्कच्या बरिल क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९३२ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून हे नाव. नावातल्या साम्यामुळे आयबीएसशी गल्लत होते. पण आयबीएसमध्ये आतड्याला व्रण नसतात, रक्त जात नाही. आणि शौचावाटे रक्त गेले की ‘मूळव्याध असेल’ म्हणून महिनोन्महिने मलम लावत बसणे, ही आपली आणखी एक सवय.

आतड्यात प्रतिकारपेशींचे काम काय?

आतड्यात प्रतिकारपेशी मोठ्या संख्येने असतात. कारण येथे सीमा फार नाजूक आहे. अस्तर जेमतेम एका पेशीच्या जाडीचे आणि पलीकडे अब्जावधी जिवाणू, शिवाय रोजचे परके अन्न. प्रत्येक परक्यावर हल्ला करायचा म्हटले तर माणूस जेवूच शकणार नाही. म्हणून येथील पेशींचे मुख्य काम संयमाचे आहे. आतड्यातील मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी, एखादा जिवाणू आत आलाच तर गिळून टाकतात, पण आरडाओरडा करत नाहीत. त्यांच्या जोडीला असतात नियामक टी पेशी. इतर टी पेशींना आवर घालणे हे त्यांचे काम. याच पेशींशी संबंधित संशोधनासाठी मेरी ब्रन्को, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमॉन साकागुची यांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. फॉक्सपी३ या जनुकातील बिघाडामुळे ज्या बालकांत या पेशी नीट तयार होत नाहीत, त्यांना तान्हेपणीच तीव्र जुलाब सुरू होतात.

मग बिघडते कुठे?

अस्तराला कुठेतरी फट पडते आणि जिवाणू आत शिरतात. न्यूट्रोफिल्स या पांढऱ्या पेशी सर्वांत आधी धावून येतात. पाठोपाठ रक्तातून नव्या भक्षक पेशी येतात, पण या जुन्यांसारख्या समंजस नसतात. त्या टीएनएफ आणि इंटरल्युकिन-२३ अशी रासायनिक संदेशद्रव्ये सोडतात. त्यामुळे आक्रमक टी पेशी वाढतात आणि त्या आणखी संदेश सोडतात. नियामक पेशी हजर असतात, पण त्यांना फारसे कोणी जुमानत नाही. त्यात टीएनएफमुळे अस्तराच्या पेशींमधील सांधे सैल होतात. फट रुंदावते, आणखी जिवाणू आत येतात.

इंजिनीअरिंगला याला ‘पॉझिटिव्ह फीडबॅक’ म्हणायचो. गणपतीच्या मंडपात माइक स्पीकरसमोर गेला की जी कर्कश शिट्टी वाजते, तीच ही गोष्ट. सुरुवातीचा आवाज बारीकच असतो.

पहिली फट का पडते, याला एकच उत्तर नाही. २००१ मध्ये जिवाणूंची चाहूल घेणारे नॉड२ हे जनुक क्रोन्सशी जोडले गेले. पण युरोपीय रुग्णांत आढळणारे त्यातील बदल भारतीय रुग्णांत क्वचितच सापडतात. तरीही भारतात रुग्ण वाढत आहेत. त्यामुळे बदललेला आहार, आतड्यातील जिवाणूंचे बिघडलेले संतुलन आणि शहरी राहणीमान यांच्याकडे बोट दाखवले जाते.

औषधे कुठे काम करतात?

स्टिरॉइड सगळ्याच पेशींना एकदम गप्प करते. उसळी शमवायला ते उत्तम, कायम घ्यायला वाईट. १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या इन्फ्लिक्सिमॅबने नेमका टीएनएफ पकडला. २०१४ मधील व्हेडोलिझुमॅबची युक्ती मला सर्वांत आवडते. ते टी पेशींवरचा आतड्याचा ‘पत्ता’ झाकून टाकते, त्यामुळे त्या आतड्यात उतरूच शकत नाहीत. सगळे अंदाज मात्र बरोबर ठरले नाहीत. इंटरल्युकिन-१७ रोखणारे औषध सोरायसिसमध्ये चालते म्हणून क्रोन्समध्ये वापरून पाहिले, तर काही रुग्णांचा आजार बळावला. तोच संदेश अस्तराची डागडुजीही करत होता.

भारतात क्षयरोगाचा पेच काय?

क्षयाचे जंतू शरीरात शिरले की भक्षक पेशी त्यांच्याभोवती कडे करून गाठ तयार करतात आणि जंतू आत वर्षानुवर्षे कोंडून राहतात. हे कडे टिकवून धरतो तो टीएनएफ. तोच औषधाने काढून घेतला तर कोंडलेला क्षय मोकळा सुटू शकतो. इन्फ्लिक्सिमॅबनंतर क्षयरोग झालेल्या ७० रुग्णांची नोंद २००१ मध्येच प्रसिद्ध झाली होती. म्हणून हे इंजेक्शन सुरू करण्यापूर्वी छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयाची चाचणी करतात. ती टाळू नये.

दुसरा पेच निदानाचा. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स, दोन्ही बहुधा लहान आतड्याच्या शेवटच्या भागात बसतात. दोन्हींत ताप, वजन घटणे, पोटदुखी. बायोप्सीतही दोन्हींत गाठी दिसू शकतात. क्षयाला क्रोन्स समजून स्टिरॉइड दिले तर जंतूंना रान मोकळे. क्रोन्सला क्षय समजून महिनोन्महिने क्षयाच्या गोळ्या दिल्या तर तोवर आतडे अरुंद होऊन शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. संशय फिटत नसेल तर अनेकदा आधी क्षयाचे उपचार देतात. अशा वेळी दोन-तीन महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी करून व्रण भरले का, हे पाहणे महत्त्वाचे. नुसते ‘बरे वाटते’ एवढ्यावर विसंबता येत नाही, कारण क्रोन्सच्या रुग्णालाही या गोळ्यांवर काही काळ बरे वाटू शकते.

बरे वाटल्यावर औषध थांबवता येते का?

स्वतःच्या मनाने नाही. दाह शमला तरी स्मृती असलेल्या टी पेशी अस्तरात मुक्काम ठोकून राहतात आणि संधी मिळताच साखळी पुन्हा सुरू करतात. त्या जाग्या होत आहेत का, याचा अंदाज शौचाच्या नमुन्यावरून येतो. न्यूट्रोफिल्स मागे सोडतात ते कॅलप्रोटेक्टिन हे प्रथिन त्यात मोजतात. रुग्णाला काही जाणवण्यापूर्वीही ते वाढलेले दिसू शकते. त्यामुळे पुढच्या भेटीत डॉक्टरांना दोन प्रश्न जरूर विचारावेत : माझे कॅलप्रोटेक्टिन किती आहे आणि पुन्हा कधी तपासायचे?