तीच चाल, दुसरा गळा

टिटवाळ्याहून सुटलेली सकाळची लोकल आंबिवलीत शिरते, तेव्हा भजनाचा डबा कोणता हे फलाटावरच्या माणसाला नुसत्या आवाजावरून कळतं. टाळ चालू असतात, कुणाकडे ढोलकी असते, आणि यातलं काहीच नसेल तर डब्याचा पत्रा असतोच. रोजच्या मंडळींना अभंग तुकोबांचा की नामदेवांचा हे ठाऊक असतं. नव्या प्रवाशाचे कान टवकारतात ते मात्र चालीमुळे. ही आपण कुठेतरी ऐकली आहे! शहाडपर्यंत तो आठवत राहतो, कल्याणला लोंढा आत येतो, आणि पुढे कधीतरी त्याची ट्यूब पेटते. राजेश खन्नाच्या सिनेमातलं गाणं! पण त्यात विठोबा कधी आला?

गाण्याचा शौकीन भेटला की तो पहिल्या पाच मिनिटांत ‘हे ऐकलंयस का?’ असं विचारतो. मूळ गाणं सगळ्यांनीच ऐकलेलं असतं, त्यामुळे त्याच्या पोतडीतून काहीतरी वेगळं निघतं. कुणा दुसऱ्याने गायलेलं, सनईवर वाजवलेलं, कानडीत गेलेलं किंवा बेंजोवर बडवलेलं. यालाच आता सगळे ‘कव्हर’ म्हणतात, कॅसेटच्या जमान्यात ‘व्हर्जन’ म्हणत. आवडत्या गाण्याचं असं विचित्र रूप दुसऱ्याला ऐकवणं हा आपल्याकडे मोबाइलच्या फार आधीपासूनचा उद्योग आहे. कल्याणच्या पुढच्या या पट्ट्यात तो रोज, फुकट आणि भर गर्दीत चालतो.

हे जमतं कसं, यात थोडं गणित आहे. भजनी ठेका आठ मात्रांचा. हिंदी सिनेमातली पुष्कळ गाणी केरव्यात, म्हणजे आठच मात्रांत बांधलेली, उरलेल्यांतली बरीचशी सहा मात्रांच्या दादऱ्यात. केरव्यातलं गाणं भजनी ठेक्यावर सरकवायला फारसे कष्ट पडत नाहीत, आघात थोडे इकडचे तिकडे होतात एवढंच. अभंगाचं मापही मदतीला येतं. लहान अभंगाचा चरण साधारण आठ अक्षरांचा. मोठ्या अभंगात पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चारच अक्षरांचा. सिनेमातल्या मुखड्याची ओळ लांब निघाली की बुवा मध्ये एक ‘विठ्ठला’ घालतो, नाहीतर शेवटचं अक्षर ताणतो. चौथा चरण आखूड असल्यामुळे तिथे उरणाऱ्या मात्रा कोरस भरून काढतो.

खरी परीक्षा अंतऱ्याला. मूळ गाणं लताबाईंचं असेल तर पट्टी खाली आणावीच लागते, पण किती? फार उतरवली तर अंतऱ्याला गळा पोचतो, मात्र मुखडा इतका खाली जातो की टाळांच्या आवाजात बुडतो. बरं, लोकलमध्ये बहुधा पेटी नसते, सूर अंदाजाने धरायचा असतो. गाडीचा खडखडाट हा या मैफलीतला तानपुरा! एवढं सांभाळून जो बुवा चाल ‘बसवतो’, त्याने ते गाणं आपल्यापेक्षा बारकाईने ऐकलेलं असतं. कुठे श्वास आहे, कुठे मात्रा मोकळी सोडली आहे, कोणत्या सुरावर ओळ टेकते हे त्याला पाठ असावं लागतं. समीक्षेचे लेख वाचून हे कळत नाही.

जुन्या वारकऱ्यांना हा प्रकार रुचत नाही आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्याजोगं नाही. वारकरी परंपरेच्या स्वतःच्या चाली आहेत. त्या तोंडी शिकल्या जातात आणि सिनेमाच्या चालीने त्यांची जागा घेतली की एका पिढीत विसरल्या जातात. शिवाय कॅबऱ्याच्या चालीवर ज्ञानेश्वर म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काय उभं राहील याचा भरवसा नाही. पण विरहाच्या गाण्याची संथ चाल पंढरीच्या ओढीला अशी चपखल बसते की मूळ प्रियकर-प्रेयसीच तिथे उपरे वाटू लागतात. माझ्यापुरता निकाल असा : चाल कुठून आणली यापेक्षा ती शब्दांना पेलते का, हे पाहावं.

उसन्या चालीचं वावडं तर मराठी रंगभूमीलाही नव्हतं. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगमंचावर आलं. तेव्हापासून संगीत नाटकांची पुस्तकं उघडली की प्रत्येक पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असा शब्द आणि पुढे कुठल्यातरी आधीच्या पदाचा, लावणीचा किंवा चिजेचा उल्लेख दिसतो. मूळ कुठलं ते छापून मोकळं व्हायचं, लपवाछपवी नाही. १९१६च्या ‘स्वयंवर’साठी भास्करबुवा बखले यांनी ख्यालाच्या बंदिशींतून पदं उभी केली. घराण्यांच्या कोंदट खोल्यांतलं गाणं बालगंधर्वांच्या गळ्यातून थिएटरच्या पिटातल्या प्रेक्षकापर्यंत पोचलं ते असं. याच बुवांच्या, म्हणजे देवगंधर्वांच्या नावाने कल्याण गायन समाज महोत्सव भरवतो, आंबिवलीपासून दोन स्टेशनांवर.

कल्याणचं दुसरं नाव प्रल्हाद शिंदे यांचं. मूळचे मंगळवेढ्याचे, पण त्यांचं घर इथलं. विठ्ठलाची भक्तिगीतं आणि भीमगीतं दोन्ही त्यांच्या गळ्यातून महाराष्ट्रभर गेली. पुढे आनंद-मिलिंद ही मुलं आणि आदर्श हा नातू गाऊ लागला. भीमगीतांच्या जलशात आणि कव्वालीच्या मुकाबल्यात ओळखीची चाल हे हत्यारच होतं. सभेला आलेल्या मजुराला चाल आधीच पाठ असे, त्यामुळे शब्द एका ऐकण्यात डोक्यात बसत. वामनदादा कर्डक यांनी पहिलं गीत लिहिलं ते एका हिंदी गाण्याचं विडंबन म्हणून, असं सांगतात. छापखाना नाही, रेडिओ नाही, रेकॉर्ड कंपनी दारात उभी करत नाही, अशा वेळी सिनेमाची चाल ही आयती टपालसेवा होती. हा भाग आपल्या ‘सुवर्णकाळा’च्या गप्पांत कधी येत नाही, याचं मला नवल वाटतं.

एकच गाणं दोन गळ्यांत तोलून पाहायचं तर मराठीत ‘गीतरामायणा’सारखा दुसरा नमुना नाही. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून त्याचं पहिलं गीत गेलं आणि वर्षभरात ५६ गीतं झाली. गदिमांचे शब्द, बाबूजींचं, म्हणजे सुधीर फडक्यांचं संगीत. आज आपल्या कानांत सगळं रामायण एकट्या बाबूजींच्या आवाजात वसलेलं आहे, कारण पुढे ध्वनिमुद्रिका त्यांच्या आवाजात आल्या आणि कार्यक्रमही त्यांनीच केले. रेडिओवर मात्र माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, राम फाटक, सुरेश हळदणकर, ललिता फडके, लता मंगेशकर असे वेगवेगळे गळे होते. संगीतकाराने स्वतःच्याच रचना पुन्हा गायल्या आणि त्या नव्या रूपाने मूळ प्रक्षेपण झाकून टाकलं. जाणकारांच्या बैठकीत आजही ‘रेडिओवरचं’ की ‘रेकॉर्डवरचं’ हा वाद रंगतो. ‘कट्यार काळजात घुसली’च्या बाबतीतही तेच. १९६७चं नाटक वसंतरावांचं, २०१५चा सिनेमा राहुल देशपांडे, महेश काळे आणि शंकर महादेवन यांचा. घरात तीन पिढ्या असतील तर जेवण थंड होईपर्यंत भांडण पुरतं.

मग धंदा आला. १९५७च्या प्रताधिकार कायद्यात एक तरतूद होती. मूळ ध्वनिमुद्रण आधी झालेलं असलं की, नोटीस देऊन आणि रॉयल्टी भरून, दुसऱ्याला तेच गाणं नव्याने मुद्रित करता येत असे. गुलशन कुमार यांच्या टी-सीरिजने ऐंशीच्या दशकात ही फट नेमकी हेरली. जुन्या गाण्यांवर एचएमव्हीचा हक्क होता आणि त्यांच्या कॅसेट महाग. टी-सीरिजने तीच गाणी नव्या गळ्यांकडून गाऊन घेतली आणि स्वस्तात गल्लोगल्ली पोचवली. सोनू निगम आपल्याला आधी भेटला तो रफींची गाणी गाणारा मुलगा म्हणून. नाकं मुरडणाऱ्यांनी मुरडली, प्रकरणं कोर्टात गेली, पण रिक्षात वाजत होती ती हीच कॅसेट. त्यांतली बरीच व्हर्जन बेचव होती हेही खरं. ती नक्कल करत, आणि नक्कल जितकी हुबेहूब तितकी मूळ गाण्याची आठवण जास्त येते.

गंमत अशी की कायद्याला नक्कलच हवी असते. २०१२च्या दुरुस्तीनंतरचं कलम ३१-क म्हणतं : मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षं थांबा, दर वर्षी किमान ५० हजार प्रतींची रॉयल्टी भरा, वेष्टनावर हे व्हर्जन आहे असं स्पष्ट छापा, आणि तांत्रिकदृष्ट्या आवश्यक तेवढा सोडून मूळ रचनेत बदल करू नका. म्हणजे शौकीन जे ऐकायला तडफडतो, तो बदलच, कायद्याच्या वाटेने जाणाऱ्याला मना आहे. बदल करायचा तर हक्कदाराची परवानगी काढावी लागते. धार्मिक विधीत गाणं-वाजवणं हे मात्र कलम ५२नुसार उल्लंघन ठरत नाही आणि त्यात लग्नाची वरातही धरलेली आहे. याच सवलतीच्या आधारे गोवा सरकारने काढलेलं परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२४च्या ऑगस्टमध्ये रद्द केलं. तेव्हा सवलतीची हद्द कुठवर, हा वाद मिटलेला नाही. लोकलमधल्या बुवाला अजून कुणी नोटीस पाठवलेली नाही, एवढं खरं.

वरातीचा विषय निघाला तर बेंजोबद्दल बोलायलाच हवं. आपल्या गणपतीत, हळदीत वाजणारा बेंजो अमेरिकेतल्या बॅंजोचा कुणी लागत नाही. तो बुलबुल तरंगाचा विजेवर चालणारा भाऊ, आणि बुलबुल तरंगाचं मूळ जपानी ‘ताइशोगोतो’त, जे १९१२ साली नागोयात बनलं. टाइपरायटरसारख्या कळा दाबायच्या आणि तारा छेडायच्या. कळांमुळे गळ्यासारखी सलग मींड काढणं अवघड, म्हणून वाजवणारा एकाच सुरावर तारा भराभर छेडून तो लांबवतो. त्यामुळे कुठलंही हळवं गाणं बेंजोवर आलं की त्याला कैफ चढतो. ‘सैराट’चं ‘झिंगाट’ २०१६मध्ये आलं. त्या सिनेमाच्या संगीतासाठी अजय-अतुल यांनी हॉलीवूडमध्ये वाद्यवृंद मुद्रित केला होता. कल्याण तालुक्यातल्या हळदीला तो वाद्यवृंद कुणाला लागला नाही, एक बेंजो आणि चार कच्छी ढोल पुरले. पुढे या गाण्याची कानडी आणि हिंदी रूपं निघाली. माझं मत विचाराल तर बेंजोवरचं त्या दोन्हींपेक्षा सरस आहे.

वाद्यांवरची सिनेमागाणी हा तर संग्राहकांचा खास खजिना. पुण्याच्या एनॉक डॅनियल्स यांचा अ‍ॅकॉर्डियन, व्हॅन शिप्ली यांची गिटार. ही रेकॉर्ड पूर्वी हॉटेलात आणि लग्नाच्या हॉलमध्ये मागे वाजत राहायची, नाव कुणी विचारत नसे. मुंबईचे चरणजित सिंग असेच एक. सिनेमाच्या वाद्यवृंदात आणि समारंभांत वाजवणारे. १९८२मध्ये त्यांनी नव्या जपानी यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवून रेकॉर्ड काढली. ती खपली नाही. वीस वर्षांनी, २००२मध्ये, एदो बौमन या डच संग्राहकाला ती दिल्लीच्या एका दुकानात सापडली. २०१०मध्ये त्याने ती पुन्हा काढली आणि युरोपातल्या संगीतवेड्यांनी तोंडात बोटं घातली, कारण त्यांच्याकडे त्या यंत्रांवरचं तसलं संगीत काही वर्षांनंतर आलं होतं. एका शौकिनाने दुसऱ्याला ‘हे ऐक’ म्हटलं, त्यातून एवढं घडलं. आपल्याकडे हे काम ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही मुंबईची संस्था १९९०पासून करते आहे. सुरेश चांदवणकर यांच्यासारख्या शास्त्रज्ञाने त्यात आयुष्याचा मोठा भाग घातला.

आमच्या पिढीत गाणी वाटून घ्यायची तर कॅसेट ‘भरून’ घ्यावी लागे. वहीच्या पानावर यादी करायची, नव्वद मिनिटांत किती मावतील याचा हिशेब मांडायचा आणि दुकानदाराला विनवून एखादं भलतंच व्हर्जन मध्ये घुसवायचं. मग स्टेशनाबाहेरच्या मोबाइलच्या टपऱ्यांवर मेमरी कार्डं भरून मिळू लागली. आता व्हॉट्सअ‍ॅपवर क्षणात येतं. वेग वाढला, माहिती मात्र गळाली. वहीत निदान गायकाचं नाव असे. विविध भारतीचा निवेदक आजही गायक, गीतकार, संगीतकार सांगूनच पुढे जातो. फॉरवर्ड होऊन आलेलं गाणं मात्र ‘एकदा ऐकाच’ एवढ्यावर संपतं. गातंय कोण? चाल कुणाची? पत्ता नाही.

१९४९मध्ये ‘महल’च्या रेकॉर्डवर गायिकेच्या जागी ‘कामिनी’ असं पडद्यावरच्या पात्राचं नाव छापलं होतं. श्रोत्यांनी गायिका कोण म्हणून रेडिओला भंडावून सोडलं, तेव्हा लता मंगेशकर हे नाव जाहीर झालं. इतका हट्टी श्रोता आपल्याकडे होता.

तेव्हा पुढच्या वेळी एखादं अजब व्हर्जन मित्राला पाठवाल, तेव्हा सोबत दोन ओळी लिहा : मूळ कुणाचं, हे कुणी गायलं-वाजवलं, कुठे मिळालं. आणि घरात माळ्यावर कुठल्या भजनी मंडळाची, जलशाची किंवा बेंजो पार्टीची कॅसेट पडली असेल, तर भंगारात घालण्याआधी ती संगणकावर उतरवून घ्या. सिनेमाची मूळ गाणी कंपन्यांच्या तिजोरीत सुरक्षित आहेत. या कॅसेटची दुसरी प्रत बहुधा कुणाकडेच नाही.