महिना नेमका किती दिवसांचा?

आज वेळेच्या मापांबद्दल बोलू. म्हणाल, त्यात काय सांगायचं? साठ सेकंदांचं मिनिट, साठ मिनिटांचा तास, चोवीस तासांचा दिवस, सात दिवसांचा आठवडा. एवढं तर पोरं दुसरी-तिसरीत शिकतात. खरं आहे, आणि इथपर्यंत कुणाचा घोटाळाही होत नाही. घोटाळा होतो तो पुढच्या पायरीवर, महिन्यापाशी. आठवडे महिन्यात बरोबर बसत नाहीत, आणि महिना तर कधी २८, कधी ३०, कधी ३१ दिवसांचा. आपले पैसे आणि आपलं बाळंतपण मात्र याच महिन्यावर मोजलं जातं.

आधी आठवडा घेऊ. चार आठवडे म्हणजे महिना, असं आपण सहज बोलतो. पण चार आठवड्यांचे दिवस होतात २८. वर्षाचे बारा महिने, म्हणून आठवडे बारा चोक अठ्ठेचाळीस? नाही. वर्षात ५२ आठवडे असतात. आता फायनान्सचं कर्ज आठवी हप्त्याचं असेल आणि हप्ता ५०० रुपये असेल, तर आपण मनात धरतो महिन्याचे दोन हजार, वर्षाचे चोवीस हजार. प्रत्यक्षात भरायचे असतात सव्वीस हजार. कुणी फसवलं नाही, चार हप्ते आपल्या हिशेबातून सुटले. ज्या महिन्यात पाच सोमवार येतात त्या महिन्यात सोमवारच्या हप्त्याला घरात ओढाताण होते, ती यामुळेच. पंधरवड्याच्या हप्त्याचंही तसंच, वर्षाला २४ नाही, २६. गंमत म्हणजे ‘हप्ता’ हा शब्दच मुळात फारसीतल्या सात या आकड्यावरून आला आहे. हप्ता म्हणजे आठवडा. आता आपण महिन्याच्या हप्त्यालाही हप्ताच म्हणतो.

व्याजाचं तर विचारूच नका. गटाच्या बैठकीत हमखास ऐकू येतं, “बँकेचं व्याज बारा टक्के आणि गटाचं दोनच टक्के, गटाचंच बरं.” बँकेचे बारा टक्के वर्षाचे आहेत आणि गटाचे दोन टक्के महिन्याचे. दहा हजारांवर बँकेचं व्याज महिन्याला १०० रुपये, गटाचं २००. वर्षाला धरलं तर बँकेचे १२ टक्के आणि गटाचे २४. गटाचं व्याज गटाच्याच पेटीत राहतं, ही गोष्ट वेगळी, आणि म्हणूनच मी गटाच्या बाजूची आहे. पण आकडा नीट कळून घेतलेला बरा. सावकार ‘शेकडा पाच’ म्हणतो तेव्हा तो वर्षाचं बोलत नसतो, महिन्याचं बोलतो. म्हणजे वर्षाला साठ टक्के झाले. टक्का ऐकला की लगेच विचारायचं, महिन्याला की वर्षाला?

मोबाइलचा रिचार्जही बघा. २८ दिवसांचा मारला तर वर्षात बारा नाही, तेरा वेळा मारावा लागतो. यावर बऱ्याच तक्रारी झाल्या. मग २०२२ मध्ये ट्रायने कंपन्यांना सांगितलं की निदान एक पॅक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा ठेवायलाच हवा. दुकानदार आपणहून दाखवेलच असं नाही, मागून घ्या.

आता आपला मराठी महिना. तो चंद्रावर चालतो आणि साधारण साडेएकोणतीस दिवसांचा असतो. असे बारा महिने झाले की ३५४ दिवस भरतात, म्हणजे इंग्रजी वर्षाला सुमारे अकरा दिवस कमी. ही तूट साचत जाते, आणि साधारण अडीच-पावणेतीन वर्षांनी अधिक महिना धरून ती भरून काढतात. यात पैशाचा काय संबंध? सालगडी पाडव्याला ठरतो. २०२२ चा पाडवा २ एप्रिलला होता आणि २०२३ चा २२ मार्चला, म्हणजे ते साल ३५४ दिवसांचं झालं. त्यानंतर अधिक श्रावण आला आणि २०२४ चा पाडवा गेला ९ एप्रिलला. ते साल झालं ३८४ दिवसांचं! ठरलेली रक्कम तीच आणि काम महिनाभर जास्त. घरचा माणूस सालाने जात असेल तर अधिक महिन्याचं बोलणं आधीच करून ठेवावं.

बाळंतपणाच्या हिशेबाला जरा जास्त वेळ देते. नर्सताई महिने विचारत नाहीत, आठवडे लिहितात. त्या शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. आपण मोजतो पाळी चुकल्यापासून, तिथेच चार आठवड्यांचा फरक पडतो. पूर्ण दिवस धरतात २८०, म्हणजे ४० आठवडे. घरी काढायची सोपी रीत अशी: पाळीच्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. पाळी १० जूनला आली असेल तर अंदाजे तारीख १७ मार्च. तारीख आठवत नसेल तर “पंचमीच्या आदल्या दिवशी” असं सांगितलं तरी चालतं, आशाताई कॅलेंडर उघडून काढतील.

३७ आठवडे भरायच्या आधी जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं असतं. आणि आठ महिने सरून नववा लागतो तेव्हा आठवडे भरलेले असतात जेमतेम ३५. म्हणून “नववा लागलाय, आता कळा आल्या तरी काय हरकत” असं म्हणून घरी थांबायचं नाही. १०८ किंवा १०२ ला फोन करायचा आणि लहान बाळांचा विभाग असलेल्या दवाखान्यात जायचं. सातव्यातलं मूल जगतं आणि आठव्यातलं जगत नाही, हे म्हाताऱ्या सांगतात ते खरं नाही. पोटात जितके आठवडे जास्त, तितकं बाळ सावरतं.

गोठ्याचा हिशेब मात्र आपल्या बायकांना पाठ असतो. गाय नऊ महिने नऊ दिवस, म्हैस दहा महिने दहा दिवस, शेळी पाच महिने. माज साधारण २१ दिवसांनी परत येतो. २१ दिवस म्हणजे बरोबर तीन आठवडे, तेव्हा वार बदलत नाही. सोमवारी गाय भरवली असेल तर तिथून तिसऱ्या सोमवारी तिच्यावर लक्ष ठेवायचं.

आता तासांचं थोडक्यात. गोळी आठ-आठ तासांनी लिहिली असेल तर सकाळ, दुपार, संध्याकाळ घेऊन भागत नाही. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा, अशी घ्यायची. जुन्या मापात दिवसाच्या साठ घटका, म्हणून एक घटका २४ मिनिटांची. “घटकाभर बस” म्हणणारी शेजारीण तासभर बसवते, ते सोडा!

दिवसही कधी सुरू होतो ते बघावं लागतं. आपला उजाडल्यावर, रेल्वेचा रात्री बारा वाजता. दौंडहून गाडी ००.२० ला असेल आणि तिकिटावर १५ तारीख असेल, तर १४ तारखेला रात्रीचं जेवण उरकून स्टेशनवर जायचं. १५ च्या रात्री गेलात तर गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते.