मातीचे अत्तर आणि त्याचे सोबती

अत्तर ही वस्तू आपल्या घरांना नवी नाही. हळदीकुंकवाच्या तबकात अत्तरदाणी असते, लग्नाच्या बैठकीत पानसुपारीआधी मनगटावर अत्तराचे बोट फिरते आणि दिवाळीच्या पहाटे उटण्याबरोबर हिन्याचा फाया निघतो. परंतु हा परिचय बहुधा गुलाब, मोगरा, हिना आणि केवडा यांच्यापलीकडे जात नाही. चारमिनारच्या आसपास किंवा इंदूर-ग्वाल्हेरच्या जुन्या बाजारांतून ज्यांचे येणे-जाणे असते, त्यांच्या हाताशी अत्तरवाल्यांची दुकाने असतात. तेथील मागच्या फळीवरच्या, सहसा कोणी न मागणाऱ्या कुप्यांविषयी येथे लिहावयाचे आहे.

अपरिचित वासांचे वेड अलीकडे युरोपातही वाढले आहे. पॅरिसमध्ये झाँ लापोर्त यांनी १९७६ साली ‘लार्तिझाँ परफ्यूमर’ हे घर काढले, तेव्हापासून मोठ्या कारखानदारांना टाळून थोडक्या रसिकांसाठी सुगंध बनविणाऱ्या लहान घरांची परंपराच सुरू झाली. त्यांतील काहींनी तऱ्हेवाईकपणाची हद्द गाठली. १९९८ साली निघालेल्या ‘ओदर ५३’ या द्रव्यात फुलापानांऐवजी निर्जीव वस्तूंच्या वासांची कल्पना होती, तर २००६ साली आलेल्या दुसऱ्या एका सुगंधात (सुगंध म्हणावे की नाही, हा प्रश्नच आहे) रक्त आणि दूध यांचा भास आणला होता. कुतूहल म्हणून हे सारे ठीक आहे; लावून चार माणसांत जाण्याजोगे नाही. आश्चर्य याचे वाटते की, निर्जीव वस्तूचा वास कुपीत धरण्याची करामत कनोजच्या अत्तरियांनी त्यांच्या कितीतरी आधी साधली होती, आणि तीही सर्वांना हवीशी वाटेल अशा रीतीने.

हेच ते मातीचे अत्तर. हर्षवर्धनाची राजधानी म्हणून आपण शाळेत वाचलेले कनोज आज उत्तर प्रदेशातील एक जिल्ह्याचे गाव आहे, आणि तेथे अजूनही देग-भपक्याच्या जुन्या पद्धतीने अत्तर निघते. सुकलेल्या तळ्याची माती आणून तिचे तुकडे भट्टीत भाजतात. ते तांब्याच्या मोठ्या देगेत पाण्यासह घालतात आणि झाकणाची फट चिखलमातीने लिंपून टाकतात. देगेच्या तोंडातून बांबूची नळी निघते, तिला चोंगा म्हणतात. तिचे दुसरे टोक भपका नावाच्या गोल भांड्यात उतरते. भपका थंड पाण्याच्या टाक्यात बसविलेला असतो आणि त्यात आधीच चंदनाचे तेल ओतलेले असते. खाली मंद आच लागली की वाफ चोंग्यातून भपक्यात जाते, निवते, आणि तिच्यातील गंध चंदन पिऊन टाकते. खाली साचलेले पाणी काढून पुन्हा देगेत टाकावयाचे आणि नवी माती चढवावयाची, असा क्रम चंदन तृप्त होईपर्यंत कित्येक दिवस चालतो. यात कोठेही तापमापक नाही. आच किती आणि भपका कधी बदलावयाचा, हे कारागीर हाताने व कानाने ठरवितो. शेवटी उरलेली ओल जावी म्हणून अत्तर उंटाच्या कातड्याच्या कुपीत ठेवण्याची चाल आहे. कातडे पाणी सोडते, तेल धरून ठेवते.

पहिल्या पावसाच्या या वासाला ‘पेट्रिकोर’ हे नाव ऑस्ट्रेलियातील इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या शास्त्रज्ञांनी १९६४ साली दिले. पुढच्याच वर्षी मातीतील सूक्ष्म जीव निर्माण करीत असलेल्या ‘जिओस्मिन’ या द्रव्याचा शोध प्रसिद्ध झाला. बीटाच्या कंदाला जो मातकट वास येतो, तोही याचाच. नावे ठेवणे राहिले होते. वास मात्र कधीच कुपीत भरला गेला होता.

हे अत्तर लावून पाहिले असता प्रथम कोऱ्या माठात ओतलेल्या पाण्याची आठवण होते. दहा मिनिटांनी तो ओलावा कमी होऊन भाजलेल्या विटेसारखा कोरडेपणा येतो आणि तासाभराने खालून चंदन वर येऊ लागते. त्याचा आवाज लहान आहे. शेजारच्याला कळेलच असे नाही, लावणाऱ्याला मात्र दुपारपर्यंत पुरते. उन्हाळ्यासाठी याच्याइतके शहाणे अत्तर आम्हांला दुसरे ठाऊक नाही.

शमामा याच्या अगदी उलट. हे एका फुलाचे अत्तर नसून मुळ्या, साली, मसाले आणि वनस्पती यांचा मेळ आहे, आणि प्रत्येक अत्तरिया घराण्याची यादी निराळी व गुप्त. तरी नागरमोथा, जटामांसी, कपूरकाचरी, लवंग, वेलदोडा, जायफळ, केशर ही नावे बहुतेक ठिकाणी निघतात, आणि छडीला. हे छडीला म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातील दगडफूल! आमटीच्या फोडणीत ज्याने जीव येतो तेच येथे चंदनात मुरते. नागरमोथा आणि कपूरकाचरी तर उटण्यातील जुनी मंडळी. त्यामुळे शमामा प्रथमच हुंगणाऱ्या मराठी माणसालाही, विशेषतः स्वयंपाकघरात वावरणाऱ्या गृहिणीला, तो परका वाटत नाही. फ्रान्स्वा कोती यांच्या १९१७ सालच्या ‘शिप्र’ या गाजलेल्या सुगंधाचा पायाही ओक वृक्षावर वाढणारे असेच एक दगडफूल होते. पॅरिसने ज्याचे कौतुक केले, त्याचे भावंड आपल्या मसाल्याच्या डब्यात पडून असते. शमामा थंडीत लावावा, आणि तोही टोकभर. जास्त झाला तर काष्ठौषधींच्या दुकानात शिरल्यासारखे होते.

पारख करताना घाई नसावी. सकाळची वेळ बरी, आणि एका बैठकीत तीनांहून अधिक वास घेऊ नयेत. नाक थकते आणि सारेच सारखे भासू लागते. मध्ये कॉफीचे दाणे हुंगावयास देण्याची दुकानांतून पद्धत आहे, तिचा मोकळ्या हवेहून अधिक उपयोग होत नाही. टीपकागदाच्या पट्ट्यांवर नावे लिहून एकेक थेंब टाकावा, दुसरा थेंब हाताच्या पाठीवर, आणि तो चोळू नये. लगेच, तासाने, संध्याकाळी आणि पट्टीवर दुसऱ्या दिवशी सकाळी, असे चार वेळा पाहावे. शक्य तर घरातील दुसऱ्या कोणाचेही मत घ्यावे, कारण काही विशिष्ट वास काही माणसांना मुळीच येत नाहीत, आणि हे ज्याचे त्याला कळत नाही.

खरी फसगत होते ती पायात. चंदन तोडीमुळे दुर्मीळ झाले. १९९८ पासून ते आंतरराष्ट्रीय यादीत धोक्यात आलेल्या जातींमध्ये गणले जाते. भाव चढल्यावर अनेकांनी चंदनाऐवजी लिक्विड पॅराफिन किंवा डीओपी नावाचे रासायनिक तेल वापरावयास आरंभ केला. वास तोच, नावही तेच, किंमत मात्र चंदनाच्या तुलनेत नगण्य. कनोजच्या अत्तराला भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे, पण मागच्या फळीवरील प्रत्येक कुपीला त्याचे संरक्षण नसते. म्हणून दुकानात पहिला प्रश्न वासाचा न करता “जमीन कशाची?” असा करावा. सचोटीचा अत्तरवाला रागावत नाही. पॅराफिनचे स्वस्त आणि चंदनाचे महाग, अशा दोन्ही कुप्या पुढे ठेवतो. घरी परीक्षा एकच: बनावट माल पहिल्या क्षणी ओरडतो आणि संध्याकाळपर्यंत त्याच सुरात राहतो किंवा एकदम मरतो. चंदनावरचे अत्तर बदलत जाते आणि दुसऱ्या दिवशी पट्टीवर मऊ, दुधाळ गंध ठेवून जाते. यालाही अपवाद आहेत, कारण कुशल रसायनज्ञ बदलाचे नाटकही वठवू शकतो.

कस्तुरीविषयी एवढेच की, कस्तुरीमृगाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. तेव्हा दुकानातील ‘कस्तुरी’ ही कृत्रिमच समजावी, आणि कोणी अस्सल म्हणून दाखविल्यास तेथून उठावे.

राहिला अगरू, म्हणजे बाजारातील ऊद. आसामकडील अगर वृक्षाच्या खोडास बुरशी लागली की झाड स्वसंरक्षणार्थ काळसर राळ तयार करते आणि तीच सुगंधी होते. निरोगी लाकडाला काही मोल नाही. याचे तेल पहिल्या झटक्यास गोठ्याची आठवण देते. अनेक जण तेथेच कुपी परत करतात. आम्ही पट्टी पुस्तकात ठेवून तिसऱ्या दिवशी उघडली, तेव्हा गोठा गेला होता आणि जुन्या शिसवी कपाटाचा, मधाचा, थोडासा धुपाचा असा गंध पानांना लागला होता. सोन्याच्या भावाने मिळणारी ही वस्तू विकत घेण्याची आमची ऐपत नाही. परंतु चारमिनारजवळच्या दुकानांतून फायावर थेंबभर मागितल्यास कोणी नाही म्हणत नाही. तो फाया कानात न ठेवता डबीत बंद करून घरी आणावा आणि तीन दिवस थांबावे.